एकतीस माकडांची यादी

१ एप्रिल १९८१

आजपासून मी माकडांचा साहेब. पत्रात ‘व्यवस्थापक, वानर उद्यान’ असं भारदस्त लिहिलंय, पण सामान्य विभागातल्या टायपिस्ट मुलींनी मला निरोपाचा गुच्छ म्हणून केळ्यांचा घड दिला. हातात घड घेऊन मी वाकून आभार मानले. दुसरं काय करणार.

तोबिउरा नगरपालिकेत तेहतीस वर्षं काढली. त्यातली एकवीस वर्षं माझं खरं काम एकच होतं: मेजवानीत कोणी कुठे बसायचं ते ठरवणं. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. फेब्रुवारीत बंदराच्या वर्धापनदिनाला मी उपनगराध्यक्ष कादोवाकी यांच्या सासऱ्यांना नवव्या जागेवर बसवलं. मानाप्रमाणे त्यांची जागा नववीच होती. ती संडासाच्या दाराला लागून आली, हा इमारतीचा दोष. कादोवाकी एके काळी माझ्या हाताखाली होता. त्याने मला बोलावून अगदी हसतमुखाने सांगितलं, “साकुमा, तुम्हाला मोकळ्या हवेची गरज आहे.”

मोकळी हवा म्हणजे समुद्राकडचा डोंगर, तिकिटाची खिडकी, एक पत्र्याची खोली आणि मोजता येत नाहीत इतकी माकडं. हाताखाली एकच बाई. सोदेबाई, वय त्रेसष्ट, सव्वीस वर्षं माकडांना दाणे घालतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आधीचे साहेब दोन वर्षं टिकले. त्यांच्या आधीचे सात महिने. टोपी काढून ठेवा.”

“का?”

“नेतात.”

मी टोपी काढली नाही. साहेबाने पहिल्याच दिवशी ऐकलं तर पुढे कोण ऐकणार? सव्वाअकराला टोपी नेली.

४ एप्रिल

ओळख व्हावी म्हणून रोज सगळ्या माकडांसमोरून हसत हसत फिरतो. तेहतीस वर्षं हेच हसू नागरिकांना दाखवलं, कुणाची तक्रार आली नाही. आज एका पोराएवढ्या माकडाने माझ्या हातातला भाताचा गोळा काढून घेतला आणि समोर बसून खाल्ला. नंतर पायावर चापट मारली.

सोदेबाई म्हणाल्या, “साहेब, तुम्ही दात का दाखवता?”

“हसतोय.”

“ते तुम्हाला वाटतं. ह्यांच्यात दात कोण दाखवतं माहितीये? जो घाबरतो तो. आल्यापासून तुम्ही एकेकाकडे जाऊन सांगताय की बाबा, मी तुझ्यापेक्षा खालचा.”

“सगळ्यांना सांगून झालं?”

“लहान पोरं राहिलीत दोन-चार.”

१९ एप्रिल

एक गडी मात्र मला पहिल्यापासून आवडला. गोंता. कळपाचा पुढारी. छाती पिंपासारखी, चाल संथ, शेपूट ताठ. दाणे टाकायच्या पटांगणात तो मधोमध बसतो आणि बाकीचे अंतर राखून. असा माणूस नगराध्यक्ष हवा होता. मी रोज सकाळी त्याला मान लववतो, डोळ्यात न बघता. डोळ्यात बघितलं की काय होतं ते मागच्या मंगळवारी कळलं. पँट रफू करायला टाकली आहे.

सोदेबाईंना म्हटलं, “पुढारी असावा तर असा.”

त्या रताळी चिरत होत्या. “तो घरजावई आहे.”

“म्हणजे?”

“बाहेरून आला सहा वर्षांपूर्वी. नर सगळे बाहेरूनच येतात. इथले वयात आले की निघून जातात, परके येतात. घर बायकांचं. ती तिथे म्हातारी बसलीये ना, अंग खाजवून घेत? ओकामी. तिच्या आईच्या वेळेपासून ही जागा त्यांची. तिने आणि तिच्या पोरींनी ठरवलं म्हणून गोंता मध्ये बसतो.”

ओकामी म्हणजे सरायची मालकीण. म्हातारीकडे नीट पाहिलं. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड सुकलेल्या आलुबुखारसारखं. सोदेबाईंचा गैरसमज होत असावा. इतकी वर्षं एकाच ठिकाणी काढली की माणसाला काहीबाही दिसायला लागतं.

२३ मे

पिलं जन्मताहेत. काळीभोर, सुरकुतलेली, सगळी आमच्या माजी कोषाध्यक्षांसारखी दिसतात. सोदेबाई प्रत्येकाचं नाव, आई, आजी वहीत लिहितात. मला नावं शिकवायचा त्यांनी पण केलाय. मी म्हणालो, सगळी सारखीच दिसतात. त्या म्हणाल्या, “त्यांनाही साहेब लोक सारखेच दिसतात.”

आज एक विचित्र नियम कळला. ह्यांच्यात धाकटी बहीण थोरलीच्या वर. आई भांडणात नेहमी धाकटीची बाजू घेते, त्यामुळे थोरल्या एकेक पायरी खाली सरकत जातात. ओकामीनंतर मान तिच्या धाकट्या कोउमेचा, जिला यंदा पहिलंच पिलू झालंय. मी चार भावंडांत थोरला. हा नियम मला अजिबात पसंत नाही.

पण एक गोष्ट नोंदवतो. आज पहिल्यांदा मी एक माकड स्वतःहून ओळखलं. डावा कान फाटलेला, पोटाला नवं पिलू, पटांगणाच्या अगदी कडेला झाडीत बसलेली. विचारलं तर सोदेबाई म्हणाल्या, “ती सुमी. सुमी म्हणजे कोपरा. तिची आई तिथेच बसायची, आजीही.” घरी येऊन बायकोला, मिनेकोला, फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही. ती बहिणीकडे आहे, तिथे त्या वेळी जेवणं चालू असतात.

१४ जुलै

मिनेको फेब्रुवारीपासून कुराशिकीला बहिणीकडे आहे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा म्हणजे वेळखाऊ प्रकरण, त्याला इलाज नाही. आज फोन केला तर बहिणीनेच उचलला, धापा टाकत होती. म्हणाली, वरच्या मजल्यावर होते, पळत खाली आले. ऐकून बरं वाटलं. सुधारणा आहे म्हणायची. मिनेको बाहेर गेली होती, मातीकामाच्या, भांडी घडवायच्या वर्गाला. बिचारी, शुश्रूषेतून तेवढाच विरंगुळा.

वाचनालयातून वानरांवरचं पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी माणसाचा आणि ह्या माकडांचा पूर्वज एकच होता. सोदेबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “मग त्यातला कोण पुढे गेला?”

“म्हणजे काय? आपण.”

त्यांनी पटांगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घमेलं उचललं.

२ सप्टेंबर

कादोवाकी स्वतः वर आला. सोबत इमाओका, डोंगरामागच्या संत्र्यांच्या बागांचा मालक, सत्तरीचा, मान बैलासारखी. गेल्या वर्षी माकडांनी त्याचा एक तृतीयांश माल खाल्ला. यंदाही हिरव्या फळांपासून सुरुवात झाली आहे.

“माकडं नकोत असं मी म्हणत नाही,” इमाओका म्हणाला. “माझ्या संत्र्यात नकोत. तुम्ही इथे दाणे घालता, पोट भरतं, पोरं होतात, पोरं माझ्याकडे येतात. सरळ हिशेब आहे.”

कादोवाकीने ठराव दाखवला. कळपात एकशे एकतीस आहेत. शंभर ठेवायचे. एकतीस पकडून द्यायचे.

“कुणाला?” सोदेबाईंनी दारातून विचारलं.

“संशोधनाला,” कादोवाकी माझ्याकडे बघत म्हणाला. “साकुमा, कोणती ते तुम्ही ठरवा. ऑक्टोबरअखेर यादी द्या. यादी करणं हे तुमचंच काम.”

हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरत नाही.

२८ ऑक्टोबर

यादी पाठवली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी ती ऑफिसात जशी करतात तशीच केली. कपात नेहमी खालून होते. सगळ्यात खाली सुमीचं घराणं, एकूण तेरा जीव. ते आधी लिहिले. मग बाहेर बाहेर फिरणारे उनाड नर. मग खालून दुसरं घराणं. एकतीस भरले तिथे थांबलो. पहिलं नाव सुमी. तिच्या पिलाला सोदेबाईंनी अजून नाव दिलं नव्हतं म्हणून लिहिलं: ‘सुमीचे, मादी, पाच महिने’.

आता मला नव्वदेक जण ओळखू येतात. येत नसते तर यादी लवकर झाली असती.

२९ ऑक्टोबर

सोदेबाईंनी कार्बनप्रत वाचली. म्हणाल्या, “अक्षर छान आहे.” त्यानंतर दिवसभर बोलल्या नाहीत.

७ नोव्हेंबर

सोदेबाईंचा अबोला दहाव्या दिवसात. पत्र्याच्या खोलीत बसवेना, म्हणून आज दाणे टाकून झाल्यावर सुमीच्या मागे गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. बहुधा ती काही तरी मोठा गुन्हा करते हे डोळ्याने बघून मोकळं व्हायचं होतं.

झालं ते असं. सोदेबाईंनी रताळी आणि गहू पटांगणाच्या मध्यात ओतले, सव्वीस वर्षं ओततात तसे. ओकामी, कोउमे, बाकीच्या पोरी आणि गोंता यांनी कडं केलं. गालांच्या पिशव्या फुगेपर्यंत भरल्या, मग हातात, मग पुन्हा गालात. दुसरं घराणं कडेकडेने चोरून. सुमी झाडीत बसून होती. पाऊण तासाने मोठी मंडळी उठली तेव्हा ती आली, मातीतून चौदा दाणे वेचले. मी मोजले. मग पिलू पाठीवर घेतलं आणि तिचं अख्खं घराणं रांगेने डोंगर ओलांडून निघालं. मी मागे, काट्यांतून, घसरत. अर्ध्या तासाने समोर इमाओकाची बाग.

तिथे बांधावर बसलो आणि मला बंदराची मेजवानी दिसली. मधल्या टेबलावर माशांची ताटं. शेवटच्या रांगेपर्यंत काय पोचतं ते मला एकवीस वर्षं माहीत आहे: मुळ्याचा कीस. म्हणून शेवटच्या रांगेतले लोक कार्यक्रम संपल्यावर हमखास स्टेशनजवळच्या नूडलच्या गाडीवर सापडतात. त्यांना कुणी चोर म्हणत नाही.

शंभर ठेवा नाही तर पन्नास ठेवा, ढीग एका जागी ओतला की शेवटी बसणारा कुणीतरी असणारच, आणि तो संत्र्यांकडे जाणारच. सुमी गेली तर तिच्या वरचं घराणं कोपऱ्यात येईल.

उतरून धावत आलो. सोदेबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दहा दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

“हे यादीच्या आधी सुचलं असतं तर?”

मग रिकामं घमेलं पालथं घातलं. “मलाही सुचलं नाही सव्वीस वर्षं. मी नुसती नावंच ठेवत बसले.”

८ नोव्हेंबर

रताळी बंद. फक्त गहू, आणि तोही पटांगणात नाही. डोंगराच्या उतारावर तीनेकशे मीटर लांब, मूठमूठ फेकत, दोघांनी दोन टोकांनी. ओकामी एका जागी बसून राहिली आणि भोवतीचे चार दाणे संपल्यावर तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त कादोवाकीच्या सासऱ्यांची पाहिली आहे. एवढ्या लांबीवर मालकी कशी सांगणार? गोंता इकडून तिकडे पळून दमला आणि शेवटी सगळ्यांसारखा एकेक दाणा वेचायला लागला. सुमी वरच्या टोकाला होती. पाऊण तास खात होती. नंतर पिलाच्या उवा काढत तिथेच बसली. बागेकडे गेली नाही.

हात खांद्यापासून गळून पडेल असं वाटतंय. सोदेबाईंचं वय माझ्यापेक्षा सात वर्षांनी जास्त आहे. त्या उद्याच्या गव्हाच्या गोणी उतरवून घरी गेल्या.

१५ नोव्हेंबर

आज मिनेको आली.

न कळवता. रांगेत उभी राहून तिकीट काढलं. मी म्हणालो, अगं, तुला कशाला तिकीट? ती म्हणाली, “असू दे.” केस कापलेत, मानेपर्यंत. बरे दिसतात, पण हे मी बोललो नाही. आता लिहिताना वाटतं, बोलायला हवं होतं.

मी तिला सगळं दाखवलं. ही ओकामी, ही तिची धाकटी कोउमे, हिच्या नाकावर डाग म्हणून हिचं नाव काजळी, हिची आई ती, हिचं आणि त्या नराचं पटत नाही. तासभर बोललो असेन. इतका वेळ मी तिच्याशी सलग कधी बोललो होतो ते आठवत नाही. ती रुमाल पसरून बसली, ऐकत होती. मग म्हणाली,

“किती जणांना ओळखता?”

“एकशे सोळा. बाकीचे नर आहेत, ते येऊन जाऊन असतात.”

“माझ्या बहिणीला दोन मुली आहेत. त्यांची नावं काय?”

“एक आयाको.”

“दुसरी?”

मी उताराकडे बघितलं. तिथे सोदेबाई होत्या, त्यांनी पाठ वळवली.

“गुडघा बरा होऊन सहा महिने झाले,” मिनेको म्हणाली. आवाज चढला नव्हता. बसच्या वेळा सांगाव्यात तसं म्हणाली. “तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की मग मी अजून का आले नाही.”

“मला वाटलं, गुडघा म्हणजे...”

“हो. तुम्हाला वाटलं.”

चारच्या बसने गेली. स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. बस सुटताना तिने खिडकीतून सांगितलं, “जुन्को. दुसरी जुन्को.”

सोदेबाई दुसऱ्या दिवशीचे गहू मोजत होत्या. मला बघून म्हणाल्या, “साहेब, आज दात दाखवू नका. कुणाला बरं वाटायचं नाही.”

२४ नोव्हेंबर

सभा. मला तीन मिनिटं दिली होती. नऊ पानी अहवाल, नकाशा आणि सोळा दिवसांच्या नोंदी घेऊन गेलो. आठ तारखेपासून बागेत एकही माकड गेलं नाही, एवढंच वाक्य मिळालं असतं तरी पुरलं असतं. कादोवाकी मध्येच म्हणाला, “साकुमा, तुमच्या मेहनतीचं कौतुक आहे. पण यादी तुमचीच आहे. तुमच्या सहीची.” सगळे हसले. मीसुद्धा हसलो, सवयीने.

पिंजरे पाच तारखेला येणार. इमाओका मागच्या बाकावर होता. सभा संपल्यावर माझ्या नकाशाची गुंडाळी उचलून घेऊन गेला.

५ डिसेंबर

आज अक्षर खराब येईल.

सकाळी एकूण सहा पिंजरे आणले. पटांगणाच्या मध्यात ठेवले, आत रताळी. कादोवाकी, त्याने बोलावलेला स्थानिक पेपरचा फोटोग्राफर, पकडणारे चार जण. शिवाय इमाओका, बोलावलेलं नसताना. पकडणाऱ्यांच्या हातात माझी यादी. त्यातल्या मुख्याने मला विचारलं, “ह्यातली सुमी कोणती?” मी म्हणालो, “इथून दिसत नाही.” दिसत होती. झाडीत होती.

रताळी बघून आधी कोण जाणार, हे मी पाच वर्षांच्या मुलालाही सांगितलं असतं. कोउमे गेली, पिलासकट. मग काजळी. मग ओकामीच्या बाकीच्या दोन पोरी आणि एक नात. दारं धाडधाड पडली. सहाव्या पिंजऱ्यात ओकामी स्वतः.

मग जो आवाज उठला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. अख्खा डोंगर किंचाळत होता. गोंता एका उडीत खडकावर चढला, दोनदा फांदी हलवली आणि बसला. घरजावई आणखी काय करणार. पिंजऱ्याला येऊन चिकटल्या त्या म्हाताऱ्या माद्या, दुसऱ्या घराण्यातल्या, ज्यांना ओकामीने जन्मभर हाकललं होतं.

इमाओका पिंजऱ्यांपाशी गेला, वाकून एकेकीचं तोंड पाहिलं.

“ह्या नव्हेत,” तो म्हणाला.

“काय नव्हेत?” कादोवाकीने विचारलं.

“माझे चोर. चार वर्षं मी दांडकं घेऊन त्यांच्या मागे धावतोय, मला तोंडं माहिती आहेत. माझी मुख्य चोर फाटक्या कानाची आहे. ती तिकडे झाडीत बसलीये बघा. महिनाभर आली नाही ती. ह्या जाड बायकांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही.”

“इमाओकासाहेब, माकडं ती माकडंच.”

“तुमच्यासाठी.”

मी विचार करून केलं असं लिहायला आवडलं असतं. विचार वगैरे काही केला नाही. कोउमेचं पिलू जाळीतून बोट बाहेर काढत होतं, तेवढं पाहिलं आणि माझा हात दारावर होता. पहिलं दार उचललं, दुसरं उचललं. कादोवाकी ओरडत होता, “साकुमा, नोकरीचा विचार करा.” फोटोग्राफर फोटो काढत होता. पकडणाऱ्यांपैकी एक जण माझ्याकडे यायला निघाला तर सोदेबाई त्याच्यासमोर गव्हाचं घमेलं घेऊन उभ्या राहिल्या.

तिसरं दार अडकलं. जोर लावला, हलेना. इमाओका आला, मला बाजूला केलं, “असं नाही, वर दाबून मग ओढायचं,” म्हणाला आणि उचललं. बाकीची तीन आम्ही मिळून उचलली. ओकामी शेवटी निघाली, धावली नाही. बाहेर येऊन आधी रताळं उचललं, मग गेली. जाता जाता तिने माझ्या पोटरीला कडकडून चावा घेतला.

सात टाके पडले.

११ डिसेंबर

इमाओकाने लेखी कळवलंय की तक्रार मागे घेतो, मात्र दाणे असेच पसरून टाकायचे, आणि एक जरी संत्रं गेलं तरी पिंजरे तो स्वतः घेऊन येईल. पत्राच्या शेवटी, ‘माझं माकडांवर प्रेम नाही. साकुमांवरही नाही.’ तक्रारच नाही म्हटल्यावर सभेने ठराव पुढल्या वर्षापर्यंत थांबवला. पुढल्या वर्षी काय, ते पुढल्या वर्षी. एकतिसांच्या यादीवर माझी सही आहे ती आहेच. ती कागदपत्रांत राहील.

मला लेखी ठपका मिळाला. शिक्षा म्हणून बदलीही करायची होती म्हणे. पण ह्याहून वाईट जागा नगरपालिकेकडे नाही, असं टायपिस्ट मुलींनी फोनवर सांगितलं. त्या वर्गणी काढून मला टोपी पाठवणार आहेत.

आज सातच्या सुमारास फोन वाजला. मिनेको.

“पेपर इथेही आला,” ती म्हणाली. “फोटोत तुमचं तोंड उघडं आहे.”

“ओरडत होतो.”

“तुम्ही? काय?”

“आठवत नाही. सोदेबाई म्हणतात, नावं घेऊन हाका मारत होतो. सगळ्यांना, बाहेर या म्हणून.”

मी पोटरीचं सांगितलं. टाके ओले करू नका म्हणाली. मग मी विचारलं, जुन्को किती वर्षांची आहे. चौदा, म्हणाली. शाळेत काय आवडतं विचारलं. मग मातीकामाच्या वर्गात कोण कोण असतं ते विचारलं. तिथे पाच जणी आहेत आणि शिकवणारा एक म्हातारा. नावं लिहून घ्यायला मी पेन घेतलं होतं, मग बाजूला ठेवलं.

“आता मी बोलते,” मिनेको म्हणाली. “मध्ये बोलू नका. आणि शेवटी, बरं मग, असं म्हणून फोन ठेवू नका.”

“नाही ठेवत.”

ती बोलली. बराच वेळ, अठ्ठावीस वर्षांच्या संसाराचं. मी हॉलमध्ये एका पायावर उभा होतो, दुसरा दुखत होता. मध्ये बोललो नाही. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.